आधी साच्याला शेक

त्र्यंबकराव निंबोळकर यांची आणि माझी पहिली भेट एका कुजक्या बोल्टमुळे झाली. गौरवग्रंथात ओळख सांगताना लोक एखाद्या सभेचा, देवळातल्या कीर्तनाचा किंवा कुणाच्या मुंजीचा दाखला देतात, हे मला ठाऊक आहे. माझा इलाज नाही. शाळेची मधली सुट्टी नुकतीच संपली होती, मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या पुसत बसलो होतो आणि दारात धोतरावर खाकी कोट घातलेले, सायकलवरून आलेले एक गृहस्थ उभे राहिले. नमस्कार केला, खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या टेबलावर सोडली. आत हिरवट-पांढरे पापुद्रे सुटलेला एक बोल्ट होता.

"मास्तर, हे काय आहे?"

"कुजलेला बोल्ट," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

"गोदाबाईंच्या हाताला येणाऱ्या मुंग्या इथून निघतात," ते म्हणाले आणि न विचारता स्टूल ओढून बसले.

मी बुऱ्हाणपुरात रसायन आणि पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. स्वभावाने थोडा तिरसट आहे, हे माझे विद्यार्थी सांगतीलच. म्हणून मीच आधी सांगून टाकतो. पण एखादी गोष्ट कळली नाही की मला जेवण गोड लागत नाही, आणि त्या दुपारी मला काहीच कळले नव्हते. गोदाबाई कोण, मुंग्या कसल्या आणि बोल्टचा संबंध काय?

गौरव समितीने त्र्यंबकरावांच्या षष्ट्यब्दपूर्तीसाठी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा त्यांचे कार्य, त्यांची मूल्ये आणि त्यांचा स्नेह यांविषयी लिहा, असे सांगितले. मी लिहीन. पण या लेखात माझी एक कबुलीही आहे. ती आठ-नऊ वर्षे माझ्या घशात अडकून आहे. संपादकांना ती गौरवग्रंथात शोभत नाही असे वाटले तर त्यांनी लेख सबंध परत करावा. तेवढा भाग कापून उरलेला छापू नये, ही विनंती.

तर गोदाबाई. आमच्या गावातल्या एका कापड गिरणीत त्र्यंबकराव त्या वेळी हेड वायरमन होते. गिरणीत नव्याने विजेच्या मोटारी बसल्या होत्या. रीलिंग खात्यात, म्हणजे सुताच्या लडी करतात तिथे, बायका काम करायच्या. त्यातल्या गोदाबाई मूळच्या देडतलाईच्या, शेतावरून गिरणीत आलेल्या, बोलायला खणखणीत. त्यांच्या यंत्राच्या लोखंडाला हात लागला की हाताला मुंग्या यायच्या. दमट हवेत जास्त. एकदा तर त्यांचा हात कोपरापर्यंत बधिर होऊन त्या खाली बसल्या. मॅनेजरसाहेबांचे मत असे पडले की हा बायकांच्या मनाचा खेळ आहे. त्र्यंबकरावांनी स्वतः यंत्राला हात लावून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी यंत्राच्या मागची जमीन खणली.

यंत्राच्या लोखंडी अंगात वीज झिरपली तर तिला जमिनीत जायला वाट हवी, म्हणून तांब्याची जाड तार जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पत्र्यापर्यंत नेलेली असते. भोवती कोळसा आणि मीठ. याला अर्थिंग म्हणतात. ती वाट मोडली तर वीज माणसाच्या अंगातून जमीन शोधते. मी अकरा वर्षे मुलांना शिकवत होतो, "जादा वीज जमिनीत निघून जाते." मुले वहीत लिहून घेत होती. कुठून जाते, कशी जाते, ते मी एकदाही पाहिले नव्हते! मला त्या दिवशी माझीच लाज वाटली, आणि शाळा सुटल्यावर मी त्यांच्या सायकलमागे माझी सायकल घेऊन गिरणीत गेलो.

खड्डा पाहिला. वरून सगळे ठाकठीक होते. तार घट्ट, पत्रा शाबूत. पण तार आणि पत्रा जिथे बोल्टने आवळले होते, तिथेच सगळे कुजून पोकळ झाले होते. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीची खोड ठाऊक आहेच. वैशाखात ती हातभर भेगाळते, पावसात फुगते. जमीन अशी आत-बाहेर होत राहिली की आवळलेला बोल्ट ढिला होतो, फटीत पाणी शिरते, वर मिठाची संगत. झाळ, म्हणजे वितळलेल्या कथलाचा सांधा, लावून पाहिली तर तीही सोडते.

"म्हणजे जोडच नको," मी म्हणालो.

"बरोब्बर!" त्र्यंबकरावांचे डोळे चमकले. "जोड असेल, पण जोड दिसायला नको. तार कुठे संपली आणि पत्रा कुठे सुरू झाला ते मातीलाही कळता कामा नये."

हे वाक्य ऐकून मी त्यांच्या घरी जाऊ लागलो, आणि मग जातच राहिलो.

त्यांच्या घरच्या ओसरीवर कुंड्यांची रांग होती. मला वाटले, बागेची हौस असेल. रमावहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बघा मास्तर, लोकांच्या कुंडीत गुलाब लागतो, मोगरा लागतो. आमच्याकडे बोल्ट पेरलेत. रोज पाणी घालायचं काम माझं!" खरेच होते. प्रत्येक कुंडीत काळी माती आणि एकेक निराळा जोड पुरलेला. एकाला नुसता बोल्ट, एकाला झाळ, एकाला गुंडाळलेली तार, एकाला डांबर. एका कुंडीला पाणी, एकीला मिठाचे पाणी, एक उन्हात, एक सावलीत. दर अमावास्येला, लक्षात राहायला सोपे म्हणून, ते सगळे उकरून बघायचे आणि वहीत टिपायचे. गिरणीने त्यांना हे सांगितले नव्हते. विचारले तर म्हणायचे, "बघितल्याशिवाय कसं सांगू?" त्यांच्या तोंडी हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की शाळेत ते माझ्या तोंडून निघते आणि मुलांना ते माझेच वाटते.

तार आणि पत्रा एकजीव कसे करायचे, याचे उत्तर त्यांना रेल्वेने दिले. खांडव्याच्या बाजूला रूळ बदलायचे काम चालले असता त्यांनी पाहिले होते की दोन रुळांच्या तोंडांभोवती मातीचा साचा बांधतात, वर भांड्यात एक पूड भरतात आणि पेटवतात. कोळसा नाही, भाता नाही. पूड आपल्याच आगीने भडकते, आतून वितळलेले लोखंड खाली साच्यात उतरते आणि दोन रूळ एक होतात. बाकीचे लोक तमाशा बघून घरी गेले. हे तिथल्या मुकादमाला प्रश्न विचारत संध्याकाळपर्यंत थांबले. मग कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचले की लोखंडाच्या जागी तांबे घेऊनही हे जमते.

"मास्तर, मला तांब्याच्या भस्मात आणि अॅल्युमिनियमच्या पुडीत भांडण लावून द्यायचंय," ते म्हणाले. "रसायन तुमचं. हात माझे."

अहो, इतका सुरेख धडा मी कधी शिकवला नव्हता! तांब्याच्या भस्मात प्राणवायू अडकलेला असतो. अॅल्युमिनियमला त्या प्राणवायूची विलक्षण ओढ. एकदा जोराची आच मिळाली की ते तांब्याकडून प्राणवायू हिसकावून घेते, आणि त्या झटापटीत इतकी उष्णता निघते की उरलेले तांबे पाण्यासारखे पातळ होते. आम्ही दोघे तांबट आळीत गेलो. तिथे तापवलेल्या भांड्यावर हातोडी पडली की काळे पापुद्रे झडतात. तेच आमचे भस्म. तांबटाने ते झाडून देताना हसून विचारले, "भाऊ, आमचा कचरा नेऊन सोनं करणार का?" चंदेरी रंग विकणाऱ्या दुकानातून अॅल्युमिनियमची पूड आली. गावातल्या जरीवाल्यांकडे, सोन्या-चांदीच्या तारा ओढणाऱ्यांकडे, धातू वितळवायच्या काळ्या शिशाच्या (ग्राफाइटच्या) फुटक्या मुशी पडलेल्या असत. त्या करवतीने कापून आणि कोरून त्र्यंबकरावांनी डबीसारखा उघडणारा दोन फाळ्यांचा साचा केला. पेटवायला माझ्या प्रयोगशाळेतली मॅग्नेशियमची फीत. असे पाहिले तर हा जोड अर्ध्या बुऱ्हाणपुराने मिळून केला.

पहिले जोड वाईट निघाले. एकात गुळाच्या ढेपेसारखी छिद्रे, एकात निम्मे कीट, म्हणजे धातूचा मळ. एकाला तर तांब्याची सोंडच फुटली होती. वहिनींनी त्याचे नाव गणपती ठेवले. प्रत्येक जोड त्र्यंबकराव करवतीने मधोमध कापायचे, भिंगाखाली धरायचे, "हं, इथे गंमत आहे," म्हणायचे आणि चिठ्ठी बांधून फळीवर ठेवून द्यायचे. चिठ्ठीवर काय बिघडले आणि का बिघडले, ते. एकही फसलेला जोड त्यांनी टाकला नाही. मला मात्र अपयश आले की चिडायला होते. एकदा मी म्हणालो, "जाऊ द्या हो, बोल्टच बरा." ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि चौथ्या दिवशी एक छिद्र नसलेला जोड माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले.

इकडे गिरणीत प्रकरण तापले होते. गोदाबाई आणि त्यांच्याबरोबरच्या पाच बायकांनी त्या यंत्रावर उभे राहायला साफ नकार दिला. मॅनेजरसाहेबांनी बजावले, दिवाळीपर्यंत उभ्या राहिल्या नाहीत तर दुसऱ्या बायका घेऊ. त्या सहाही जणींची घरे त्या कामावर चालत होती. त्र्यंबकरावांनी गोदाबाईंना सर्वांसमोर शब्द दिला, "बाई, दिवाळीआधी या यंत्राच्या मुंग्या घालवतो." मॅनेजरसाहेबांकडून त्यांनी एका जोडाची परवानगी काढली. दिवस ठरला खंडेनवमीचा, कारण त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि यंत्रे बंद असतात.

आता माझी कबुली.

खंडेनवमीला सकाळी गिरणीत सगळे पान्हे, पकडी, मापनयंत्रे धुऊनपुसून पाटावर मांडली होती. मंत्र येणारा माणूस म्हणून पूजा मी करावी, असे ठरले. आमच्या मातोश्रींनी तापीचे पाणी गडूत भरून दिले होते. त्र्यंबकरावांनी पहाटेपासून साचा निखाऱ्यावर धरून खडखडीत वाळवला होता आणि फडक्याखाली झाकून ठेवला होता. कामगारांना त्यांनी एकेकाला बजावले होते, साच्याला हात लावायचा नाही. मला काही बोलले नाहीत. शाळेतल्या रसायनाच्या मास्तरांना काय सांगायचे! मग ते मॅनेजरसाहेबांना आणायला गेले.

मी पान्ह्यांना हळदकुंकू वाहिले, पकडींना वाहिले. मग माझ्या मनात आले, आजची सगळी भिस्त ज्याच्यावर आहे, तो साचाच पूजेवाचून राहिला! मी फडके काढले. दोन्ही फाळ्या उघडल्या. आतल्या अंगाला बोटाने कुंकू लावले आणि आंब्याच्या पानाने तापीचे पाणी चांगले चार वेळा शिंपडले. मग उपरण्याने बाहेरून पुसून, फाळ्या मिटवून, पुन्हा झाकून ठेवला. मनात फार प्रसन्न वाटले.

मी रसायनाचा मास्तर! पाण्याची वाफ झाली की ती केवढी जागा मागते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. ओल्या साच्यात वितळलेले तांबे पडले तर काय होईल, असे परीक्षेत विचारले असते तर मी पैकीच्या पैकी गुण मिळवले असते.

मॅनेजरसाहेब आले. बायका भिंतीशी उभ्या राहिल्या. त्र्यंबकरावांनी खड्ड्याच्या अंधारात, घाईने, तार आणि पत्रा साच्यात बसवले, पूड भरली, फीत पेटवली आणि मागे सरले. मी मात्र कुतूहलाने पुढे वाकलो. पांढराशुभ्र जाळ उठला, सूं असा आवाज झाला, आणि तांबे खाली उतरले त्याच क्षणी धाडकन बार उडाला. मला एवढेच दिसले की माझ्या तोंडासमोर एक पंजा आला. तो त्र्यंबकरावांचा डावा हात होता. उडालेले तांबे त्यावर बसले. गोदाबाईंनी धावत जाऊन पिण्याच्या पाण्याचा डेरा उचलला आणि सबंध त्यांच्या हातावर ओतला.

"बस, हो गया तमाशा," मॅनेजरसाहेब म्हणाले. "साचा गीला था क्या?"

त्र्यंबकरावांचा चेहरा पांढरा पडला होता. खाली वाकून उजव्या हाताने त्यांनी साच्याचे फुटलेले तुकडे गोळा केले आणि कोटाच्या खिशात टाकले. मला वाटले, जुनी सवय, फसलेला जोड टाकायचा नाही. मग ते सरळ उभे राहून म्हणाले, "साचा वाळवण्यात कसर राहिली. चूक माझी आहे."

मी दोन पावलांवर उभा होतो. माझ्या हातात गडू होता. मी बोललो नाही. आमची शाळा गिरणीच्याच देणगीवर चालते, तेव्हा नोकरीची भीती होती, हसे होईल याची भीती होती, पूजा बाटली म्हणून आणखी काही निघेल ही भीती होती. कारणे पुष्कळ सापडतात. खरे कारण एकच, मी भ्यालो. त्याच आठवड्यात त्र्यंबकरावांचे हेड वायरमनचे पद गेले. त्यांना गिरणीतले दिवे बदलायच्या कामावर लावले. आणि गोदाबाईंना सांगण्यात आले, दिवाळीपर्यंत त्याच यंत्रावर, नाहीतर घरी.

बारा दिवसांनी त्र्यंबकराव शाळेत आले. डावा हात गळ्यात बांधलेला. सांगायचे होते ते न सांगता मी त्यांच्यासाठी स्टूल पुढे ओढले.

"मास्तर, तीन बोटं फीत हवी," ते म्हणाले. "आणि रविवारी तुम्ही हवेत. मला एक हात कमी आहे, तुमचा द्या."

"पण परवानगी?"

ती गोदाबाईंनी मिळवली होती. त्या सहा जणी मॅनेजरसाहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. गिरणीत त्र्यंबकरावांना सगळे तात्या म्हणतात. गोदाबाई म्हणाल्या होत्या, "साहेब, हात जळला तात्याचा, मुंग्या येऊ राह्यल्या आमाले. तुमचं काय गेलं? रविवारी मशीन बंदच राह्यते. तात्याले एक डाव करू द्या. नाई जमलं तर आमी सहाच्या सहा जणी बिलकुल घरी जातो, मंग तुमची कटकटच मिटली." हे ऐकून साहेबांनी त्या रविवारपुरती परवानगी दिली, असे ऐकतो.

रविवारी सकाळी गेलो तर गोदाबाई घरून घमेल्यात निखारे घेऊन आल्या होत्या. मी चपला काढल्या आणि लांबच उभा राहिलो. त्र्यंबकरावांनी नवा साचा माझ्या हातात दिला.

"आधी साच्याला शेक. ते काम तुमचं," ते म्हणाले. "पूजाही तुम्हीच करा. पण हळदकुंकू खड्ड्याला. साच्याला आजपासून फक्त शेक."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. चेहऱ्यावर काही नव्हते. मी तासभर निखाऱ्याशी बसलो. साचा फिरवत राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होते, आणि ते साच्यावर पडू नये म्हणून मान मागे धरून बसलो होतो. गोदाबाई म्हणाल्या, "मास्तर, धूर लागू राह्यला का?" मी हो म्हणालो.

जोड लागला. जाळ उठला, तांबे उतरले, थोडा वेळ काहीच आवाज नाही. साचा उघडला तेव्हा आत लालसर, भरीव, एकसंध गोळा होता. शेजारी असाच आणखी एक जोड करून नुसता पुरून ठेवला, पुढे कापून बघायला. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू झाले आणि गोदाबाईंनी पहिला हात लावला. मग दुसरा. मग दोन्ही हातांनी यंत्र घट्ट धरून म्हणाल्या, "मेली हो तात्या, मुंगी मेली!" सहाही जणी कामावर राहिल्या. गोदाबाई आजही तिथे आहेत, आणि नव्या बायकांना दरडावतात.

त्र्यंबकरावांना मात्र दोन पावसाळे दिवेच बदलावे लागले. त्या शिक्षेतही या माणसाची जिज्ञासा काही बसली नाही. प्रत्येक दिव्यावर ते बदलल्याचा दिवस लिहू लागले. कुठल्या खात्यातले दिवे लवकर जातात, ते शोधले. यंत्रांच्या हादऱ्याने जातात असे दिसल्यावर दिवे दोरीच्या झोळण्यात टांगले आणि ते टिकू लागले. मी कुत्सितपणे विचारले, "शिडीवर चढून समाधान लाभतं वाटतं?" तर म्हणाले, "वरून सगळी गिरणी दिसते मास्तर, एकदा या!" दोन पावसाळ्यांनंतर पुरलेला दुसरा जोड उकरला. मॅनेजरसाहेबांसमोर करवतीने मधोमध कापला. साहेबांनी भिंग घेतले, उजेडाकडे धरले, उलटापालटा केला, आणि तार कुठे संपते ते त्यांना सापडेना. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराव परत हेड वायरमन झाले, आणि गिरणीतले सगळे अर्थिंग त्यांनी त्याच पद्धतीने जोडले.

पुढचे बहुतेकांना माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी ते स्वतःच्या ओसरीवर वायरमनांना शिकवतात, आणि तिथून शिकलेले लोक कापसातून सरकी काढणाऱ्या आसपासच्या जिनिंगमध्ये, गिरण्यांत, धूलकोट-तुकईथडपर्यंत पसरले आहेत. लढाईच्या काळात तांबे मिळेनासे झाले, तेव्हा त्यांनी फळीवरचे चांगले जोड देऊन टाकले. फसलेले तेवढे ठेवले.

पण मला इतकी वर्षे एकच प्रश्न छळत होता. त्यांना ठाऊक होते का? "हळदकुंकू खड्ड्याला" हे ते सहज बोलले, की मला बोलले? विचारायचे तर आधी सांगावे लागणार. ते धैर्य नव्हते, आणि कुतूहल तर जाईना.

गेल्या हिवाळ्यात परीक्षक म्हणून धूलकोटला गेलो होतो. तिथल्या जिनिंगमध्ये अर्थिंगचे काम चालू दिसले, म्हणून बघायला गेलो. बाबूलाल नावाचा वायरमन खड्ड्याला हळदकुंकू वाहत होता आणि साचा शेगडीवर शेकत होता. मी हातपाय धुऊन तसाच गेलो होतो. तो ओरडला, "ओ गुरुजी, गीले हात दूर! साच्यापाशी पाणी नाई. तात्याचा नियम हाय."

"असा कसा नियम?" मी विचारले.

"एक डाव कोण्या येड्यानं साच्यात तीर्थ शिंपलं होतं म्हणे. तात्याचा हात गेला."

मी ओले हात उपरण्याला पुसले. "कोणी?"

"आमी लई विचारलं. तात्या म्हणते, मीच तो येडा."

मी तिथून बुऱ्हाणपूरला आलो आणि घरी न जाता सरळ त्र्यंबकरावांकडे गेलो. ओसरीवर उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले. गडू, आंब्याचे पान, कुंकू, माझे गप्प राहणे. ते ऐकत होते. मग उठून फळीवरच्या फसलेल्या जोडांच्या मागून एक तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. फुटलेल्या साच्याची फाळी. आतल्या अंगाला, कडेशी जिथे आच पोचली नव्हती, तिथे कुंकवाचे बोट अजून दिसत होते. माझे बोट. त्या दिवशी मॅनेजरसाहेबांच्या आधी हे तुकडे त्यांनी का उचलले, ते मला तेव्हा कळले. तुकड्याला चिठ्ठी होती, त्यांच्याच अक्षरात: "साचा ओला. कारण, मास्तरांना सांगायचे राहून गेले."

"हे खोटं आहे," मी म्हणालो.

"खोटं कसं? कामगारांना सगळ्यांना बजावलं होतं, तुम्हालाच नव्हतं. मग चूक कोणाची?" ते म्हणाले. "आणि तुम्ही त्या दिवशी बोलला असतात तर तुमची शाळा गेली असती. मग मला फीत कोणी दिली असती?"

रमावहिनी आतून म्हणाल्या, "आठ वर्षं झाली, मी म्हणतेय सांगा त्यांना, सांगा त्यांना. तर हे म्हणतात, त्यांचं ते येतील." मग चहा आला. मी रडलो, आणि माझ्यासारख्या तिरसट माणसाला रडताना बघून दोघेही फार अवघडले.

हा लेख छापण्यापूर्वी मी त्र्यंबकरावांना दाखवला. त्यांनी भिंग घेऊन वाचला. दोन ठिकाणी तांब्याविषयीची माझी चूक दुरुस्त केली आणि बाकीचे राहू द्या म्हणाले. म्हणून हे सर्वांसमोर लिहिले आहे: त्या खंडेनवमीला साचा ओला त्यांनी केला नव्हता, मी केला होता.

त्र्यंबकरावांच्या डाव्या हाताची दोन बोटे अजून पुरती मिटत नाहीत. त्या हाताने त्यांनी अजून पुष्कळ वर्षे भिंग धरावे, वायरमनांच्या पाठीवर थाप मारावी, नातवंडांना कुंड्यांतले बोल्ट दाखवावेत. त्यांना आणि वहिनींना उत्तम प्रकृती लाभो, आणि त्यांची ओसरी कधी रिकामी न राहो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना आहे. सत्काराच्या दिवशी त्यांना नारळ देण्याचा मान समितीने मला दिला आहे. तो मी त्यांच्या डाव्या हातात देईन, आणि खालून माझे दोन्ही हात लावून धरीन. हात कोरडे करून येईन.